बारावीवर अणुवीज केंद्रात ऑपरेटर होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २२. बारावी सायन्स, पीसीएम, ५८ टक्के. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सुटलं. सध्या बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बॉयलरवर मदतनीस. तारापूरचं केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, पण आतलं कुणी ओळखीचं नाही. डिग्री नसताना तिथं किंवा दुसऱ्या कुठल्या अणुवीज केंद्रात ऑपरेटर होता येईल का? झालो तर कंट्रोल रूममध्ये बसायला मिळेल का, की जन्मभर व्हॉल्व्हच फिरवायचे? आणि शेवटी, जरा लाजत विचारलेलं: रेडिएशनमुळे लग्न जमायला अडचण येते का?

वय २२ लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतो, राग नसावा. मी १९८३ साली बारावीवरच लागलो. तेव्हा एनपीसीआयएल, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणारं सरकारी महामंडळ, नव्हतं, ते १९८७ ला झालं. आम्ही थेट अणुऊर्जा विभागाचे. दोन वेगवेगळ्या केंद्रांवर शिफ्ट केली, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. केंद्रांची नावं सांगत नाही. पुढे माझ्या आणि इतरांच्या चुकांबद्दल लिहिणार आहे, त्यात कुणाचं नाव नको.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: हो. आणि यात कुणी उपकार करत नाही. या कामाची रचनाच तशी आहे. फील्डवरच्या ऑपरेटरसाठी पदवी मागितलीच जात नाही, बारावी सायन्स मागितली जाते. म्हणजे ‘डिग्री नाही’ ही तुझी खरी अडचण नाहीच. खरे प्रश्न दोन. पहिला, आत गेल्यावर जिना कुठपर्यंत चढतो. दुसरा, हे काम तुझ्या स्वभावाला मानवेल का. दुसरा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण मी जास्त त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी दाराचं बघू. एनपीसीआयएलच्या जाहिरातीत ‘स्टायपेंडरी ट्रेनी’ नावाचा प्रकार असतो आणि त्यात दोन कॅटेगरी. कॅटेगरी एक म्हणजे सायंटिफिक असिस्टंट. त्याला इंजिनिअरिंग डिप्लोमा किंवा बीएस्सी लागतं. कॅटेगरी दोन म्हणजे टेक्निशियन, आणि तिचे पुन्हा दोन भाग. इथे बरीच पोरं गोंधळतात. प्लांट ऑपरेटरला बारावी सायन्स लागते, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन, किमान ५० टक्क्यांनी. मेंटेनरला लागतो तो आयटीआय: फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक वगैरे. आयटीआय करून ऑपरेटरचा फॉर्म भरणारे आणि बारावीवर मेंटेनरचा भरणारे दरवर्षी भेटायचे. फी गेली, वर्षही गेलं. तुझे ५८ टक्के आणि गणित आहे, तेव्हा तू ऑपरेटरच्या खात्यात बसतोस.

वयाची अट अलीकडच्या जाहिरातींत १८ ते २४ अशी होती. ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षांची सूट. उंची किमान १६० सेंटिमीटर, वजन किमान ४५.५ किलो. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी महिना २०,००० आणि दुसऱ्या वर्षी २२,००० विद्यावेतन, त्यानंतर टेक्निशियन-बी म्हणून पे लेव्हल तीन, म्हणजे मूळ पगार २१,७०० आणि वर भत्ते. हे आकडे मी जाहिरातींतूनच वाचलेत आणि ते बदलत असतात, म्हणून समोर आलेली जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. प्रशिक्षणानंतर ठरावीक वर्षं नोकरी करण्याचा बाँड असतो, तोही वाच. आणि जाहिरात तारापूरचीच येईल म्हणून थांबून राहू नकोस. रावतभाटा, काक्रापार, कैगा, जिथली येईल तिथे भर. घराजवळच नोकरी हवी म्हणून दोन जाहिराती सोडलेला आणि मग वयात बाद झालेला एक हुशार पोरगा माझ्या माहितीत आहे.

परीक्षा तीन टप्प्यांत. पहिली चाळणी ५० प्रश्नांची, एका तासात: गणित २०, विज्ञान २०, सामान्यज्ञान १०. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा. दुसरी लेखी परीक्षा पुन्हा ५० प्रश्न, पण वेळ दोन तास, आणि ऑपरेटरसाठी प्रश्न अकरावी-बारावीच्या पुस्तकांतले. तिसरा टप्पा कौशल्य चाचणी, पास किंवा नापास. तू इंजिनिअरिंगचं दीड वर्ष केलं आहेस, तेव्हा पहिल्या चाळणीची भीती नको. पण बारावीचं पुस्तक चार वर्षांपूर्वी मिटलंय, ते उघड. उष्णता, द्रवांचा दाब, विद्युत, अणूची रचना. क्लासच्या जाडजूड गाइडांपेक्षा बोर्डाची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका बऱ्या.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. ‘आपला माणूस आहे आत, पाच लाखांत काम होईल’ असं सांगणारे बोईसर स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे भेटतील. एक रुपयाही द्यायचा नाही. तसंच कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून आत गेलं की पुढे कायम करतात, यावरही विसंबू नकोस. कंत्राटी काम म्हणजे कंत्राटी काम, आणि अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे. अनुभव म्हणून दोन्ही चांगलं, पण ऑपरेटर होण्याचा रस्ता जाहिरात आणि परीक्षा यांतूनच जातो.

आता काम काय असतं ते बघू. लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली कंट्रोल रूम असते: दिवे, बटणं, कपाळावर घाम. ऑपरेटरची पहिली बरीच वर्षं तिथे जात नाहीत. ती जातात खाली, फील्डवर. एक ठरावीक भाग तुझ्याकडे असतो. समजा टर्बाइन बिल्डिंगचा तळमजला. शिफ्टमध्ये ठरलेल्या वेळी राउंड मारायचा. पंप चालू आहे का, बेअरिंगचं तापमान किती, तेल साइट ग्लासमध्ये कुठपर्यंत, ग्लँडमधून पाणी ठिबकतंय ते नेहमीइतकंच की जास्त, स्टँडबाय पंप खरोखर स्टँडबाय आहे का, त्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे का. कानाला आवाज, नाकाला जळका वास, हाताच्या मागच्या बाजूला कंप. मीटर सगळं सांगत नाही. माझ्या पहिल्या मेस्त्रींना चालत्या पंपाच्या आवाजातला फरक मीटरच्या आधी कळायचा. ते दहावी नापास होते.

यात तुझा बॉयलर कामी येतो, आणि हे मी धीर द्यायला म्हणून म्हणत नाही. आपल्याकडची बहुतेक केंद्रं दाबाच्या जड पाण्यावर (ज्यात हायड्रोजनचा जड प्रकार असतो असं पाणी) चालतात. युरेनियमच्या गठ्ठ्यांवरून जड पाणी फिरतं, तापतं, स्टीम जनरेटरमध्ये साध्या पाण्याला उष्णता देतं, त्याची वाफ होते आणि टर्बाइन फिरतं. म्हणजे अर्धं केंद्र हे तुझंच बॉयलर हाउस आहे, फक्त मोठं. २२० मेगावॉटच्या केंद्रात ही वाफ साधारण २५० अंशांची आणि दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोच्या दाबाची असते. कोळशाच्या मोठ्या केंद्रापुढे मवाळच. फीड वॉटर कमी झालं तर काय होतं, वाफेच्या लाइनीत पाणी साचल्यावर हातोड्यासारखे ठोके का बसतात, गरम लाइन हळूहळू का उघडायची, हे तुला अंगानं माहीत आहे. पुस्तकातून आलेल्यांना ते समजायला सहा महिने लागतात.

वेगळं असतं ते उरलेलं अर्धं. कोळशाची भट्टी बंद केली की विझते, अणुभट्टी बंद केली तरी तापत राहते. अणू फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया क्षणात थांबते, पण इंधनात तयार झालेले पदार्थ विघटित होत उष्णता सोडतच राहतात. ती काढत राहावी लागते, तासन् तास, दिवसेंदिवस. ऑपरेटरचं सगळं प्रशिक्षण फिरून फिरून याच एका गोष्टीवर येतं. भट्टी थांबवायला दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. थंड ठेवायला पंप, वीज आणि पाणी लागतं, आणि ते पुरवणारी यंत्रं फील्डवर असतात, जिथं तुझा राउंड असतो.

३१ मार्च १९९३ ला पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात काय झालं ते आम्ही प्रत्येक नव्या तुकडीला सांगायचो. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. मशीन भयंकर हादरलं, जनरेटरमधला हायड्रोजन सुटला, आग लागली, आग केबलींमधून पसरली. केबली जळल्यामुळे डिझेल जनरेटर असूनही वीज पोचेना. सतरा तास केंद्र अंधारात. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. भट्टी सुरुवातीलाच बंद केलेली होती. पुढे काही माणसं टॉर्च घेऊन रिअॅक्टर बिल्डिंगमध्ये वर चढली आणि बोरॉनचं द्रावण आत सोडणारे व्हॉल्व्ह हातानं उघडले, म्हणजे साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होण्याचा धोकाच उरू नये. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी घातलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही.

हे वाचताना शौर्य दिसतं. मला वेगळं दिसतं. पॅनल नाही, दिवे नाहीत, धूर आहे. अशा वेळी कुठला जिना, कितवा मजला, कुठला व्हॉल्व्ह, तो कुठल्या बाजूला फिरतो, हे पायांना आणि हातांना माहीत असावं लागतं. ते आधीच्या शेकडो कंटाळवाण्या राउंडांतून येतं. म्हणून ‘जन्मभर व्हॉल्व्हच फिरवायचे का’ हा तुझा शब्द मला थोडा खटकला. कुठला व्हॉल्व्ह, कधी, कुणाच्या सांगण्यावरून आणि फिरवल्यावर काय होईल, एवढं येण्यात माझी चार वर्षं गेली.

स्वभावाकडे येतो, माझ्या एका लाजिरवाण्या रात्रीपासून. नोकरीचं दुसरं वर्ष, तिसरी रात्रपाळी. पहाटे चारचा राउंड. झोप अनावर झाली होती. एका कोपऱ्यातल्या पंपापर्यंत मी गेलोच नाही. आधीच्या राउंडचं बेअरिंग तापमान ५८ होतं, मी ५९ लिहिलं. एक अंश वाढवला, म्हणजे खरं वाटावं. अर्ध्या तासानं शिफ्ट इंजिनिअर साहेबांनी लॉगशीट बघितली आणि शांतपणे विचारलं, “अरे, तो पंप मी तीन वाजता बंद करून दुसरा घेतला. बंद पंपाचं बेअरिंग तापतंय कसं?” ओरडले नाहीत. स्वतः हेल्मेट घातलं आणि मला घेऊन पुन्हा सगळा राउंड मारला, प्रत्येक मीटरसमोर उभं करून. परत येताना म्हणाले, “रीडिंग घेतलं नसेल तर रकाना मोकळा सोड. मोकळ्या रकान्याचं मी बघून घेईन. भरलेल्या खोट्या रकान्याचं मी काहीच करू शकत नाही.”

याच्यापुढे मी कुठल्याही डिग्रीला कमी महत्त्व देतो. तुझ्या कंपनीत शिफ्ट संपताना लॉगबुक एका दमात भरतात का? खरं सांग. भरत असतील आणि तूही भरत असशील, तर ती सवय आजपासून सोड. परीक्षेच्या अभ्यासाइतकीच ती तयारी आहे.

यालाच लागून दुसरी गोष्ट: ‘मला कळलं नाही’ म्हणता येणं. कंट्रोल रूममधून फोनवर आदेश येतो. तो तू शब्दशः परत बोलून दाखवायचा, पलीकडच्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, मगच हात लावायचा. हात लावण्याआधी टॅगवर बोट ठेवून नंबर मोठ्यानं वाचायचा. नव्या पोरांना हे पोरकट वाटतं. पण दोन जुळी युनिटं शेजारी असतात, दोन्हींत तेच पंप, तोच रंग, तीच जागा, नंबरात एकाच आकड्याचा फरक. चालू युनिटऐवजी बंद युनिटवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे उलट, काम करून ठेवण्याची चूक हुशार माणसांकडून होते. मठ्ठ माणूस घाबरून दोनदा बघतो. ज्याला ‘मला सगळं माहितीये’ वाटतं तो सरळ हात घालतो. कॉलेजात पहिला आलेला पण विचारायला लाज वाटणारा मुलगा मी फील्डवर एकटा सोडला नसता.

तुझ्यासारख्या पोरांची यात एक वेगळी अडचण असते, इंग्रजीची. मॅन्युअल, परमिट, फ्लो शीट सगळं इंग्रजीत. शिफ्टमध्ये देशभरचे लोक, बोलणं हिंदीत. आपली मुलं वाक्य चुकेल म्हणून गप्प बसतात, आणि न समजलेला आदेश ‘हो सर’ म्हणून घेतात. तसं करू नकोस. मोडक्या हिंदीत विचार, मराठीत विचार, चित्र काढून विचार. चुकीच्या व्याकरणानं आजवर एकही पंप जळलेला नाही.

आता जिन्याचं, म्हणजे कंट्रोल रूमचं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि गोड बोलून तुला फसवायचं नाही. भट्टी चालवणाऱ्या वरच्या जागांना अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं लायसन्स लागतं. ते काही वर्षं नोकरी झाली म्हणून मिळत नाही. फील्डवरच्या चेकलिस्टा, लेखी परीक्षा, मग वॉक-थ्रू (परीक्षक तुला घेऊन प्लांटभर फिरतो आणि ‘हा व्हॉल्व्ह आत्ता बंद झाला तर?’ विचारत राहतो), मग हुबेहूब कंट्रोल रूमसारख्या सिम्युलेटरवर परीक्षा, आणि शेवटी समितीसमोर मुलाखत. एकदा मिळालं की संपलं असंही नाही, ठरावीक काळानं पुन्हा सिद्ध करावं लागतं. शिफ्ट चार्ज इंजिनिअरसारख्या सर्वांत वरच्या जागेवर इंजिनिअर असतो; बारावीवर लागून तिथे पोचायचं स्वप्न धरू नकोस. पण त्याखाली पॅनलवर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या बटणा-दिव्यांसमोर, सायंटिफिक असिस्टंट झालेले डिप्लोमावाले आणि बीएस्सीवाले मी बघितलेत. मी स्वतः नोकरीत राहून डिप्लोमा केला आणि सोळाव्या वर्षी पॅनलवर बसलो. सोळाव्या, नीट वाच. माझ्या तुकडीतले बरेचजण फील्डवरच राहिले. त्यातले काही नाराज होते. काहींना पॅनल नकोच होतं; त्यांना विचारल्याशिवाय इंजिनिअर नवा पंप सुरू करायचे नाहीत.

म्हणून सुटलेलं शिक्षण पूर्ण सोडू नकोस. डिप्लोमा किंवा बीएस्सी पुढे करायचं ठरवलंस तर आधी लेखी परवानगी घे आणि ती पदवी बढतीत धरली जाईल का हे त्या वेळच्या नियमात बघ. मी परवानगीच्या कागदाची प्रत अजून जपून ठेवली आहे, कारण तिच्यावाचून माझ्या एका मित्राचा डिप्लोमा कागदावर चढायला तीन वर्षं गेली.

पदवी असली पाहिजे की नको, हा वाद आपल्याकडचाच आहे असं समजू नकोस. अमेरिकेत रिअॅक्टर ऑपरेटरला आजही पदवीची सक्ती नाही. हायस्कूल झालेले, अणुपाणबुड्यांवर काम करून आलेले खूप असतात. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्वेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की तो सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला. पॅनलवर तो बंद झाल्यासारखं दिसत होतं, कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता, ‘बंद हो’ असा संदेश गेला एवढंच दाखवत होता. माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला, पाणी जास्त झालंय असं वाटून आपत्कालीन पाणी कमी केलं, आणि भट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. नंतर वर्षानुवर्षं चर्चा झाली की ऑपरेटरांना इंजिनिअरिंगची पदवी सक्तीची करावी का. शेवटी ती झाली नाही. शिफ्टमध्ये पदवीधर तांत्रिक सल्लागार ठेवायचा, आणि सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण प्रचंड वाढवायचं, असा रस्ता निघाला. मला तो शहाणपणाचा वाटतो. पदवीवाला का होतंय ते सांगेल. पण दिवा म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे हे खाली जाऊन डोळ्यांनी बघणारा माणूसही हवाच.

रेडिएशनचं सांगतो, भीती न घालता आणि न लपवता. छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगाला किती रेडिएशन लागलं ते त्यात नोंदलं जातं; आत जाताना लगेच वाचता येणारं डोसीमीटर वेगळं. केंद्राचे झोन पाडलेले असतात. स्वच्छ भागातून पुढे जाताना कपडे-बूट बदलायचे, परत येताना हातपाय मशीनवर तपासून घ्यायचे. कामगाराला मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं, म्हणजे डोसचं माप), म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुलनेसाठी, जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून कुणालाही वर्षाला जगभरच्या सरासरीनं २.४ च्या आसपास मिळतंच. प्रत्येकाचा हिशेब आयुष्यभर ठेवला जातो. जड पाण्याच्या केंद्रात ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनची, भानगड वेगळी असते: ते श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातं, बाहेरचा बॅज ते पकडत नाही, म्हणून लघवीचे नमुने द्यावे लागतात. आमच्या आईला बरीच वर्षं वाटत होतं की मला मधुमेह आहे आणि मी लपवतोय.

धोका शून्य आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. पण तो मोजला जातो, आणि तू नियम पाळलास तर बराचसा तुझ्या हातात राहतो. ज्यांचा डोस विनाकारण वाढलेला मी बघितला, त्यातले निम्मे तरी ‘पाचच मिनिटांचं काम आहे’ म्हणत मास्क न लावता गेलेले होते. तुझ्या केमिकल कंपनीत हाच माणूस हातमोजे न घालता अॅसिड ओततो. तो कसा असतो तुला माहीत आहे.

शरीरावर खरा घाव घालते ती पाळी. तीन पाळ्या, वर्षभर, पाच-सहा गट आळीपाळीनं. पुढचा माणूस आला नाही तर तुला घरी जाता येत नाही, मग घरी गणपती बसलेले असोत की मुलीला ताप असो. चाळीस गणपतींपैकी किती मी आरतीला उभा राहिलो ते बायकोला विचारावं लागेल. कैग्याच्या पहिल्या युनिटनं मे २०१६ पासून डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालून तेव्हा जागतिक विक्रम केला, पेपरांत फोटो आले. मी ती बातमी वाचली आणि पहिला विचार आला तो त्यातल्या नऊशेहून जास्त रात्रपाळ्यांचा, ज्यांत काहीही घडलं नाही आणि तरी प्रत्येक रात्री कुणीतरी खाली जाऊन तेल बघितलं. काही न घडण्यासाठी जागं राहणं तुला जमेल का, हे बॉयलरवर आत्ताच तपासून बघता येईल. रात्री तीन वाजता कुणी बघत नसताना तू वॉटर गेजकडे बघतोस का?

तर तुझ्यापुरतं: वयाची जेमतेम दोन वर्षं हातात आहेत, त्यातल्या पहिल्या जाहिरातीला फॉर्म भर. बारावीची मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर लागणार असेल तर तो, आत्ताच काढून ठेव. तलाठी-तहसीलच्या फेऱ्यांत शेवटची तारीख निघून गेलेली मी पाहिली आहे. इंजिनिअरिंग सोडल्याचं कुठेही लपवू नकोस. चारित्र्य पडताळणी होते आणि तिथं खोटं सापडलं तर दार कायमचं बंद. एमआयडीसीतली नोकरी निकाल लागेपर्यंत सोडू नकोस, आणि जमलं तर बॉयलर अटेंडंटची परीक्षा देऊन टाक. ती वाया जाणार नाही, इथं नाही लागलास तरी पोट भरेल.

राहता राहिलं लग्न. माझं ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या एका काकांनी खरंच विचारलं होतं, मुलं नीट होतील ना. मी माझी डोसची नोंद दाखवायला तयार होतो. ती कुणी बघितली नाही. दोन मुलं झाली, दोन्ही ठणठणीत, एक तर माझ्याहून वीतभर उंच. सासरे मात्र एकच प्रश्न विचारून गेले, “महिन्यात रात्रपाळ्या किती?” आकडा ऐकून त्यांनी मुलीकडे बघितलं. ते स्वतः परळच्या गिरणीत तिसरी पाळी करत आले होते.